डोळे मिटणारी गाडी अन् पूर्णेचे काका

"काकू, काल रात्री काका कुणावर ओरडत होते हो? 'डमी लाव, आधी डमी लाव!' आमच्या ह्यांना वाटलं चोर शिरला."

"चोर कुठला गं! माझ्या धाकट्या दिराचा मुलगा इंग्लंडला असतो ना, त्यानं जुनी लोटस एलान घेतलीय. स्पोर्ट्स कार. व्हिडिओ कॉलवर काका-पुतण्याचं गॅरेज चालू होतं."

"जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणायचं, अन् पोरानं गाडी घ्यायची इंग्लंडची!"

"घेईना का. पण तिचे दिवे बॉनेटमध्ये लपलेले असतात. बटण दाबलं की वर येतात. याचे वर येतात, अन् जरा चढ लागला की हळूहळू खाली बसतात. रात्रीच्या रस्त्यावर!"

"अगं बाई! पण लपवायचे कशाला मुळात?"

"मी पण तेच विचारलं. 1962 ची गाडी. नाक बुटकं केलं की वारा कमी अडतो. पण दिवा जमिनीपासून किती वर पाहिजे याचा कायदा असतो. म्हणून लागेल तेव्हा उचलायचा. त्याच्या आधी अमेरिकेत कॉर्ड नावाची गाडी होती, 1936 ची. तिचे दिवे तर आत बसून हँडल फिरवून वर काढायचे म्हणे."

"मग हिला मोटर असेल."

"मोटर असती तर आमचे हे कशाला मध्ये पडले असते? दिवे व्हॅक्यूमवर चालतात. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं रबराचा पडदा खेचला जातो अन् दिवा उभा राहतो. ओढ साठवायला वेगळी टाकीसुद्धा नाही. चासीचा पुढचा आडवा भाग पोकळ आहे, तीच टाकी. व्हॅक्यूम म्हणल्याबरोबर ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मीटरगेजच्या काळात पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये नोकरी केलेला माणूस तो!"

"चढावरच का बसतात, ते मला कळलं काकू. ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल इंजिनाची ओढ कमी होते. तेवढ्या वेळेला टाकीतल्या साठ्यावर भागायला पाहिजे. साठा टिकत नसेल तर कुठंतरी हवा शिरतेय."

"गॅरेजवाल्याची बायको शोभतेस! हे पण तेच म्हणाले. पोरगं तर नवे पडदे, नवा स्विच, सगळं मागवायला निघालं होतं. ह्यांनी थांबवलं. म्हणाले, 'इंजिन बंद कर. दिवे वर राहू दे. किती वेळ टिकतात बघ.' मिनिटभरात दोन्ही खाली."

"मग ती डमी?"

"रेल्वेतली डमी गं. दोन डब्यांच्या मध्ये व्हॅक्यूमचा जाड होज पाइप असायचा बघ. शेवटच्या डब्याचा पाइप मोकळा सोडला तर सगळ्या गाडीत हवा शिरणार. म्हणून त्याचं तोंड तिथल्याच एका बुचावर दाबून बसवायचं. ती डमी. गळती शोधायची तरी हीच रीत. एकेक भाग बंद करत जायचं. ह्यांनी पोराला सांगितलं, डाव्या दिव्याचा पाइप काढ, तोंडात बोल्ट घाल अन् उजवा किती टिकतो बघ. उजवा पडला. मग उजवीकडं बोल्ट घातला. डावा उभाच्या उभा!"

"म्हणजे गळती उजवीकडं."

"हो ना. दोन्ही वेळेला पडला असता तर टाकीकडं बघावं लागलं असतं. ती चासी गंजली की टाकीलाच भोक. नाहीतर मधला व्हॉल्व्ह, इंजिनकडून हवा उलटी येऊ न देणारा. पण निघालं काय, तर उजव्या पाइपचं तोंड चिरलेलं. कंपनीचा काय दोष, रबरच म्हातारं झालं. अर्धा इंच कापलं, परत बसवलं, काम झालं. तरी सगळेच पाइप बदल म्हणून ह्यांनी दम भरलाय."

"मग ओरडत कशाला होते?"

"ते इंग्रजांवर! म्हणाले, आपल्या रेल्वेगाडीत व्हॅक्यूम होता तोवर ब्रेक सुटलेला. साखळी ओढली, पाइप फाटला, नाहीतर डबा तुटून मागं राहिला, की हवा शिरणार अन् ब्रेक आपोआप लागणार. काही बिघडलं तर गाडी थांबणार. अन् ह्या एलानमध्ये बिघडलं तर अंधार! ही अक्कल इंग्रजांना रेल्वेत होती, मोटारीत कुठं गेली?"

"खरंच की. उलटं करायला पाहिजे होतं."

"केलं ना नंतर. पुढच्या एलानमध्ये दिवा वर उचलायचं काम स्प्रिंगला दिलं अन् खाली धरून ठेवायचं व्हॅक्यूमला. पाइप फुटला तर दिवे आपले वर येतात. उभ्या गाडीनं मध्यरात्री डोळे वटारले तरी चालतील, पण रस्त्यात मिटायला नकोत. हे म्हणतात, यंत्र मोडणारच, फक्त कुठल्या बाजूला मोडायचं ते आधी ठरवून ठेवावं."

"काकू, मग आमच्या काळी-पिवळी जीपचं बघा. डिझेल इंजिनाला तशी ओढच नसते, म्हणून आल्टरनेटरच्या मागं व्हॅक्यूम पंप असतो. तो ब्रेकच्या बूस्टरला ओढ देतो. पंप गेला तरी ब्रेक जात नाही, पेडल दगडासारखं कडक होतं. जोर लावला तर गाडी थांबते."

"म्हणजे बऱ्या बाजूला मोडते."

"मोडते, पण ड्रायव्हर मोडू देतील तर! डिझेल वाचवायला जिंतूरकडच्या उतारावर इंजिनच बंद करतात. पंप थांबतो. बूस्टरमध्ये उरलेल्या ओढीवर एक-दोनदा ब्रेक लागतो. तिसऱ्या वेळेला पेडलवर उभं राहायची पाळी. आत दहा-बारा माणसं, टपावर दोन पोती, वर बकरी."

"अगं, मग तुझ्या नवऱ्यानं सांगायला नको का त्यांना?"

"सांगून सांगून थकले हे. ऐकतंय कोण? म्हणतात, शेठ, लिटरमागं दोन किलोमीटर वाढतात."

"बरं, उद्या सकाळी ह्यांना पाठवते तुमच्या गॅरेजवर. असंही त्यांना ओरडायला आता माणूस उरला नाही."