मापकाका

लिफ्टमध्ये मापकाका शिरले की आमच्या सोसायटीतली माणसं चपलांकडे बघू लागतात. मान वर केली तर काकांना नाक दिसतं, आणि नाक दिसलं की खिशातून व्हर्निअर निघतो.

काकांची उमेदीची वर्षं द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये गेली. निर्यातीच्या मण्याचा व्यास मोजायचा, बसेल तो पेटीत, उरलेला बाजूला. निवृत्त झाले, पण हातातला व्हर्निअर काही सुटला नाही. आमच्या मांजरीत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे खरं, पण तिथून काही बोलावणं आलं नाही. पुढे २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं. आता एकाच जिन्यात कोट्टायमची नर्स, लातूरचा इंजिनिअर आणि गेटवर गयेचा भाजीवाला. काकांना मण्यांऐवजी नाकं मिळाली.

त्यात त्यांना रिस्ले सापडला. १९०१ च्या जनगणनेचा इंग्रज आयुक्त. नाकाच्या रुंदीला शंभरने गुणून उंचीने भागायचं. ७० च्या आत अरुंद, ८५ च्या वर रुंद. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असं या गृहस्थाने खुशाल छापलं. (१९३२ साली समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांनी त्याची चांगली झाडाझडती घेतली, पण काका तिथवर वाचत गेलेले नाहीत.)

भाजीवाल्याचं नाक ६६ भरलं. "पक्के कोकणस्थ!" काका ओरडले.

"गया जिला, साहब."

काकांनी वहीत लिहिलं : मूळ कोकण, मार्गे गया.

मी म्हटलं, "काका, मापं तर इरावतीबाई कर्व्यांनीही घेतली. १९५१ साली दांडेकरांबरोबर महाराष्ट्राच्या मापांचं पुस्तक काढलं."

"बघा!"

"पण त्याआधी बर्लिनला फिशर नावाच्या प्राध्यापकाच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू वेगळी भरते, त्यावरून त्यांची अक्कल जास्त, असं त्याला हवं होतं. बाईंनी मोजून सांगितलं, वंशावंशांत तसा फरक दिसत नाही."

काका विचारात पडले. "व्हर्निअर जुना असेल."

मग माझी पाळी. उंची ५० मिलिमीटर, रुंदी ३५. "सत्तर! अगदी काठावर आहात हो." त्यांना माझी दया आली असावी. अंगठ्याने जरा दाबलं, रुंदी ३४ झाली. "अडुसष्ट! बसलात अरुंदात." मिलिमीटरभर नाकपुडी दबली आणि माझ्या सात पिढ्या वरच्या पेटीत गेल्या.

"सगळ्यांची झाली, स्वतःचं कधी?" काकूंनी आतून विचारलं. भाकरी थापता थापता पिठाच्या हातानेच बाहेर आल्या आणि व्हर्निअर ओढून घेतला. उंची ५१, रुंदी ४४. भागाकार मी केला : ८६.

"सर्दी आहे मला," काका म्हणाले.

नोंद मात्र केली. आख्खी वही शाईपेनाने लिहिलेली. तेवढी एक ओळ पेन्सिलने.