नाना तेल बघतात

म्हसरूळ सोडून दिंडोरीच्या अंगाला लागलं की दर दोन-तीन मळ्यांआड एक नाना राहतात. कुठे त्यांना आबा म्हणतात, कुठे अण्णा, माणूस तोच. पांढरा सदरा, पायजमा, टोपी आणि उजव्या बाहीवर कोपरापर्यंत चढलेला, कुठल्याही साबणाला दाद न देणारा काळा पट्टा. घरासमोर उंबराखाली जुना ट्रॅक्टर, त्याच्या तोंडाला मागाहून बसवलेला लोडर. छाटणीआधी द्राक्षबागांना शेणखत भरून द्यायचं, उन्हाळ्यात गाळाच्या ट्रॉल्या भरायच्या, मधूनच कुणाच्या बांधकामाची खडी ढकलायची. हे झालं पोटापाण्याचं. नानांचं खरं काम सकाळी सातला सुरू होतं. नाना तेल बघतात.

नवख्याला वाटतं, लोडरच्या टाकीतली काडी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि खूण बघायची. पाच मिनिटांचं काम. नानांचं तेल बघून होतं तोवर नाक्यावरची मिसळ संपत आलेली असते.

पहिली अट सपाट जमिनीची. ट्रॅक्टर कलता असला तर टाकीतलं तेल एका अंगाला जातं आणि काडी खोटं बोलते. म्हणून नानांनी अंगणात दहा-बारा फरश्या टाकून, त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतून, ते कुठेच पळत नाही अशी खात्री करून घेतली आहे. ही जागा फक्त ट्रॅक्टरची. पुतणीच्या लग्नात मांडवाचा एक खांब तिथे येत होता. मांडव हलला, फरश्या हलल्या नाहीत.

दुसरी अट म्हणजे बकेट खाली. पूर्ण खाली, जमिनीला सपाट टेकलेलं. मग इंजिन बंद, लिव्हर दोन-चारदा मागेपुढे करून पाइपातला दाब मोकळा करायचा आणि तेल स्थिरावेपर्यंत थांबायचं. या थांबण्यात पहिला चहा होतो. ड्रायव्हर पोरगा नवीन आला तेव्हा त्यानं लोडर वर उचलून ठेवला, काडी काढली, तेल कमी दिसलं म्हणून डबा उपडा केला आणि टाकी काठोकाठ भरून टाकली. लोडर वर असताना तेल जॅकमध्ये गेलेलं असतं. टाकी रिकामी दिसणारच. पोरानं लिव्हर दाबून बकेट खाली आणलं आणि जॅकमधलं सगळं तेल घरी परतलं. घरात जागा नव्हती. टोपणातून जे कारंजं उडालं त्याचा डाग उंबराच्या बुंध्यावर अजून आहे. नाना तो पाहुण्यांना दाखवतात. वर उचललेल्या बकेटखाली टेकू न लावता शिरणाऱ्या माणसाला मात्र ते काही दाखवत बसत नाहीत, सरळ शिवी देतात. त्यांचा विनोद तिथे संपतो आणि ते बरोबरच आहे.

मग काडी बाहेर येते. नाना ती उन्हात धरतात, थेंब अंगठा आणि तर्जनीच्या मधे घेऊन चोळतात, नाकाशी नेतात. जळका वास आला तर तेल तापतंय. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. फेस दिसला तर पंपाच्या ओढीच्या पाइपाला कुठेतरी हवा लागतेय. इथपर्यंत कुठल्याही शिकलेल्या मेकॅनिकनं मान डोलवावी. त्यापुढे नाना हाताला लागलेल्या तेलावरून त्याचा नंबर सांगतात. "हे अडुसष्ट नाही. दुकानदारानं सेहेचाळीस दिलंय." हा नंबर म्हणजे 40 अंश तापमानाला तेल किती दाट राहतं त्याचं माप. ते बोटांनी ओळखता येतं की नाही यावर बोलायची आमची प्राज्ञा नाही. तेल दुकानदाराचं, बोटं नानांची. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली जातो त्या आठवड्यात आमच्याकडेही तेल गारठतं, पंप कण्हायला लागतो आणि नाना इंजिन नुसतं चालू ठेवून पारोशानं त्याच्याजवळ बसून राहतात. हे प्रेम घरातल्या कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही.

तेल बघायला नाना एकटे कधीच नसतात. ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेले एक साहेब फिरायला म्हणून निघतात आणि बरोबर फरश्यांपाशी दमतात. 1964 साली सुरू झालेला तो कारखाना. आधी मिग, मग सुखोई. साहेबांचं अर्धं आयुष्य विमानांच्या हायड्रॉलिकमध्ये गेलं. त्यांचं प्रत्येक वाक्य "विमानात असं चालत नाही" इथे येऊन थांबतं. नाना म्हणतात, "साहेब, विमान शेणखत भरतं का?" तरी एका बाबतीत नाना त्यांचं ऐकतात. पाइप कुठे गळतोय हे हात फिरवून बघायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाखाली सुटलेलं तेल कातडीच्या आत घुसतं, वरून जखम दिसत नाही आणि पुढे बोट गमवायची पाळी येते. हे साहेबांनी एकदा इतक्या बारकाईनं सांगितलं की मिसळीचा रस्सा कुणाच्या घशाखाली उतरेना. तेव्हापासून ट्रॅक्टरच्या टपात मिठाईच्या खोक्याचं झाकण कायम असतं.

सातपूरला दुसऱ्या पाळीत जाणारा एक टर्नर आणि शेजारचे दोन बागाईतदार धरले की सभा भरते. विषय ठरलेला: तेल जातं कुठे? कारण रोज काडीवर खूण उतरलेली असते. नानांचं म्हणणं, जुना ट्रॅक्टर आहे, थोडं तेल पिणारच. साहेब उसळतात. "अहो, इंजिन ऑइल जळतं. हायड्रॉलिकचं तेल जळायला जातं कुठे? ते नुसतं फिरतं. कमी झालं म्हणजे बाहेर पडलं!" टर्नर उजव्या जॅककडे बोट दाखवतो. दांडा ओला, खाली मातीवर ताटलीएवढा काळा डाग. नाना डागाकडे बघतात, आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "तो कालचा आहे."

सीलकिट टाकलं की प्रश्न मिटेल, हे सभेतल्या प्रत्येकानं किमान एकदा सुचवलेलं आहे. नानांना ते पटतं. फक्त आज नको. आज शेणखताची गडबड, उद्या अमावास्या, परवा टर्नरला सुट्टी. माझा अंदाज, नानांना गळती परवडते. सकाळ मोकळी पडणं परवडत नाही. त्यांच्याकडे एचएमटीचं मनगटी घड्याळही आहे, ट्रॅक्टर त्याच कंपनीचा. 2016 साली सरकारनं कंपनीची घड्याळं आणि ट्रॅक्टर दोन्ही बंद करायचं ठरवलं. नानांकडे दोन्ही चालू आहेत. पण घड्याळाविषयी ते फारसं बोलत नाहीत. रोज चावी दिली की झालं, त्यात बघण्यासारखं काय आहे?

"तेल पूर्ण कधी बदललंत?" साहेबांनी एकदा विचारलं.

"मागच्या सिंहस्थात."

साहेबांनी मनातल्या मनात 2015 पासून तास मोजायला घेतले आणि त्यांचा चेहरा पडला. "आणि आता?"

"2027 च्या पर्वणीला बघू की. आणि बदलायचं काय त्यात? रोज थोडं जातं, रोज थोडं येतं. जुनं राहिलंय कुठे? गोदावरीचं पाणी कुणी बदलतं का?"

गाळ तळाशी बसतो आणि तो आपोआप जात नाही, हे साहेबांच्या ओठावर आलं होतं. पण गोदावरीचं नाव निघाल्यावर रामकुंडाच्या गावात गाळाची गोष्ट काढायची कशी?

स्वच्छतेच्या बाबतीत नाना कडक आहेत असं तेच सांगतात. व्हॉल्व्हमधल्या फटी केसाहून बारीक. एक कण अडकला की लोडर अर्ध्यात थांबतो किंवा आपोआप खाली बसायला लागतो. म्हणून तेल ओततानाचा थाट: पाण्याच्या बाटलीचं कापून केलेलं नरसाळं, त्यावर नानींच्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा, वरून धार बारीक. धूळ उडू नये म्हणून कोंबड्या हाकललेल्या. सगळं गाळून झालं की नाना टाकीत तर्जनी बुडवून खात्री करतात. तीच तर्जनी, जिनं सकाळपासून पुठ्ठा, काडी, तंबाखू आणि पाव हाताळलेले असतात.

टाकीचं हवेचं टोपण केव्हाच हरवलंय. त्या जागी प्लॅस्टिकची पिशवी, ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली. लोडर वर जातो तेव्हा ती आत ओढली जाऊन तोंडाला चिकटते. खाली येतो तेव्हा टम्म फुगते. टाकीला हवा आतबाहेर करावी लागते आणि त्यासाठी गाळणीचं टोपण मिळतं, तेही फार महाग नाही, असं साहेब सांगत असताना नाना पिशवीकडे कौतुकानं बघत होते. "बघा, दम घेतोय," ते म्हणाले.

समोरच्या प्लॉटवर बांधकाम निघालं तेव्हा एक जेसीबी येऊन उभा राहिला. त्याच्या टाकीला काच असते. तेल बाहेरून दिसतं. ऑपरेटर येता-जाता नजर टाकतो आणि कामाला लागतो. नानांना हे पाहवेना. हात काळे झाल्याशिवाय तेल बघितलं म्हणायचं कसं?

शेवटी ड्रायव्हर पोरानंच घात केला. नाना लग्नाला सिन्नरला गेले त्या दिवशी त्यानं टर्नरला बोलावून जॅक खोलला, सीलकिट टाकलं, दांडा पुसून लख्ख केला. दुसऱ्या दिवशी फरश्यांवर सभा भरली. नानांनी काडी काढली. खूण जिथल्या तिथे. तिसऱ्या दिवशीही तिथेच. चौथ्या दिवशी नानांनी काडी वाकडी झाली असावी म्हणून साहेबांकडून पट्टी लावून मोजून घेतली. काडी सरळ होती. मातीवरचा डाग सुकून फिका पडला होता. साहेबांनी अभिनंदन केलं, बागाईतदारांनी पोराची पाठ थोपटली, आणि चहा एकाच फेरीत आटोपला. पाचव्या दिवशी साहेबांना फरश्यांपाशी दम लागला नाही. ते तसेच पुढे निघून गेले.

दुपारी नाना समोरच्या प्लॉटवर होते. डोळ्यांवर हाताची सावली धरून ते जेसीबीच्या काचेत बघत होते.

"भाऊ," त्यांनी ऑपरेटरला हाक मारली, "थोडं कमी वाटतंय हो."