मधला राजमा

नातवाच्या सुट्टीच्या अभ्यासात एक ओळ होती : 'बीजांकुरणाचा प्रयोग करून निरीक्षणे लिहा. पालकांनी मदत करू नये.' आजोबांचा उल्लेख नव्हता, त्यामुळे मी लगेच कामाला लागलो.

प्रयोग जुनाच, आमच्या वेळचा. काचेच्या ग्लासात एक पट्टी उभी करायची आणि तिला तीन बिया बांधायच्या. एक खाली, एक मध्ये, एक वर. पाणी मधल्या बीच्या कमरेपर्यंत भरायचं. खालची बुडते, तिला हवा मिळत नाही. वरची कोरडी राहते, तिला पाणी मिळत नाही. मधलीला दोन्ही मिळतं, म्हणून मोड फक्त तिला येतो.

मला हा प्रयोग लहानपणापासून फार आवडतो आणि त्याचं कारण अजिबात शास्त्रीय नाही. तीन भावांत मी मधला. दादाच्या विजारी मला यायच्या, त्या माझ्यावरच विरायच्या, म्हणून धाकट्याला नव्या कोऱ्या. हापूस कापला की एक गाल दादाला, एक धाकट्याला आणि बाठा मला. मधलं असण्यात फायदा आहे असं मला आजवर एकाच ठिकाणी वाचायला मिळालं, ते म्हणजे विज्ञानाच्या पुस्तकात.

आम्ही राजमा निवडला, कारण मटकीला दोरा बांधणं हे घड्याळजीचं काम आहे. राजम्याला खाच असते, दोरा नीट बसतो. त्या खाचेत एक पांढरा डोळा असतो. शेंगेला बी चिकटलेली असते ती तिथे. डोळ्याच्या शेजारी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. रात्रभर भिजलेला राजमा पुसून चिमटीत दाबला की त्या भोकातून पाण्याचा थेंब येतो. मी दाबून दाखवला.

"आबा, राजम्यानं शू केली!"

त्यानंतर पाऊण तास शास्त्र थांबलं. रात्रीच्या भाजीसाठी भिजवलेला अख्खा वाडगा नातवानं एकेक दाबून पाहिला. त्या रात्री राजमा फक्त मीच खाल्ला.

"मला कुणी विचारलं नाही," स्वयंपाकघरातून ही म्हणाली. "चाळीस वर्षं मटकीला मोड आणतेय."

"अगं, ते वेगळं. हे विज्ञान आहे."

"असेल. मी आपली रात्री भिजत घालते, सकाळी उपसते आणि फडक्यात घट्ट बांधून ठेवते."

"उपसायची कशाला?" नातवानं विचारलं.

"पाण्यातच ठेवली तर गुदमरते रे, वास मारायला लागते. आणि फडकं सुकलं तर मोड तिथेच थांबतात."

म्हणजे माझी पट्टी, माझे तिन्ही राजमे आणि माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान तिनं दोन वाक्यांत बांधून खुंटीला टांगलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या दोघांच्या सालीला सुरकुत्या पडल्या. तिसऱ्या रात्री दीड वाजता मी बॅटरी घेऊन ग्लासापाशी उभा होतो. पाणी प्यायला उठलो होतो, असं मी हिला सांगितलं आहे. पाचव्या दिवशी सकाळी नातू ओरडला, "आला! आला!"

मी चष्मा पुसून पाहिलं. मोड वरच्या राजम्याला आला होता.

मधला बुडाला होता. त्याची साल सुटली होती आणि ग्लासाजवळ नाक नेववत नव्हतं.

चौकशीत सगळं बाहेर आलं. पहिल्याच दिवशी नातवाला वरच्याची दया आली. "त्याला तहान लागली होती ना, आबा." मग त्यानं रोज पेल्यानं थोडं थोडं पाणी वाढवलं, ते वरच्याच्या बरोबर कमरेशी येईपर्यंत. शास्त्राच्या दृष्टीनं काहीच चुकलं नव्हतं. हवा आणि पाणी दोन्ही ज्याला मिळालं त्यालाच मोड आला. फक्त तो पुन्हा एकदा थोरला होता.

मोडाचं मूळ आधी आडवं निघालं, मग वळून खाली गेलं. "खाली कुठेय ते त्याला कसं कळलं?" प्रश्न उत्तम होता, म्हणून मी उत्साहात 1806 सालची गोष्ट सांगितली. थॉमस अँड्र्यू नाईट नावाच्या इंग्रज गृहस्थानं बागेतल्या ओढ्यावर पाणचक्की बसवली आणि तिच्या गरगरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या. मुळं बाहेरच्या बाजूला गेली, कोंब चाकाच्या मध्याकडे. गरगरण्याचा जोर मुळांना 'खाली' वाटला. नातवानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वर पंख्याकडे पाहिलं. मी पट्टी उचलून कपाटावर ठेवली.

संध्याकाळी रत्नागिरीला दादाला फोन करून मी सगळी हकिगत सांगितली. तो हसला, मग जरा थांबून म्हणाला, "आणि मधल्याचं काय झालं रे?"

"सडला."

"बरं, पेटी पाठवतोय. या खेपेला गाल तू खा."

चौथ्या दिवशी पेटी आली. हिनं पहिला आंबा कापला. एक गाल नातवाला दिला, दुसरा त्यानं मागितला. मी बाठा घेऊन गॅलरीत गेलो. चोखून पांढरा होत आला होता, तेवढ्यात नातू मागून येऊन उभा राहिला. एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात दोरा.

"आबा, याला पण येतो का हो मोड?"