टपकापे

धडधाकट गाडीचा टप करवतीनं उतरवायचा, त्याच्या खांबांतून चार इंच काढून टाकायचे आणि मग तोच टप पुन्हा जागेवर बसवायचा, या एका कामात निवृत्तीची सगळी वर्षं आनंदानं घालवणारे गृहस्थ पाहायचे असतील तर लॉस एंजेलिसच्या आग्नेयेकडच्या उपनगरांत यावं. आम्ही मंडळी आर्टिशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर पोहे आणि गोडा मसाला शोधत फिरतो, तेव्हा हे लोक आसपासच्या गल्ल्यांत गॅरेजचं दार अर्धं वर करून आत ठिणग्या उडवत असतात. मी या जमातीला टपकापे म्हणतो. पुढचं वर्णन एका टपकापेंचं नाही, चारपाच जणांचं मिळून केलेलं आहे. पण तसं त्यांना सांगून उपयोग नाही. त्यातला प्रत्येक जण म्हणेल, "छे, माझं वेगळं आहे. माझं साडेतीन इंच आहे."

टपकापे हमखास उंच असतात. गाडी बुटकी करायची हौस नेमकी सहा फूट दोन इंचांच्या माणसालाच का व्हावी, हे मला कळलेलं नाही. अंगात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी चाळण झालेला टी-शर्ट, कपाळावर चढवलेला आणि त्यामुळे कायम हरवलेला चष्मा, पट्ट्याला मोजायची टेप. ही टेप ते झोपताना काढून ठेवतात, अशी माहिती टपकापेबाईंनी दिली आहे. "उशाशी ठेवतो," हेही त्यांनीच सांगितलं.

त्यांच्या सगळ्या तत्त्वज्ञानाचा पाया एकच: डेट्रॉइटनं चूक केली. 1949 ची मर्क्युरी ही देवानं घडवलेली गाडी, फक्त शेवटच्या दिवशी कारखान्यातल्या कोणीतरी टप चार इंच उंच लावला. हा गुन्हा कोणाचा, तेही टपकापेंनी शोधून ठेवलंय. त्या काळात पुरुष हॅट घालत. क्रायस्लर कंपनीचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा तर आग्रहच होता की गाडीत हॅट न काढता बसता आलं पाहिजे. केलर मर्क्युरीवाले नव्हेत, प्रतिस्पर्धी कंपनीचे, तरीही टपकापेंच्या गॅरेजमध्ये त्यांचं नाव निघालं की हातोडा थोडा जोरात आपटला जातो. "एका माणसाच्या टोपीपायी!" एवढंच ते म्हणतात आणि स्वतःची कॅप काढून घाम पुसतात.

मुळात हा कापाकापीचा प्रकार वेगासाठी निघाला. 1932 मध्ये फोर्डनं स्वस्तातल्या गाडीत व्ही-8 इंजिन बसवलं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी असल्या गाड्या जुन्या झाल्यावर उचलल्या आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांवर शर्यतीला नेल्या. समोरून वारा कमी अडावा म्हणून टप खाली घेतला. इथवर सगळं समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसजवळच्या लिनवुडमध्ये बॅरिस नावाच्या दोन भावांचा कारखाना होता. थोरल्या सॅमचा हात पत्र्यावर बसलेला, धाकट्या जॉर्जचा प्रसिद्धीवर. (1966 च्या टीव्ही मालिकेतली बॅटमॅनची गाडी या जॉर्जच्याच कारखान्यातली.) सॅमनं स्वतःची 1949 ची मर्क्युरी जवळजवळ नवी असतानाच कापली, आणि ती कापली निव्वळ देखणेपणासाठी. तिथून वेगाचा विषय संपला. आज टपकापेंची गाडी ताशी वीस मैलांच्या वर जात नाही. त्याहून जोरात गेली तर लोकांना ती नीट पाहता येत नाही, ही त्यांची अडचण आहे.

आता प्रत्यक्ष काम. तुम्ही-आम्ही म्हणू, खांब कापले, टप खाली ठेवला, जोडला, झालं. पण पुढच्या काचेचे खांब मागे कललेले असतात. त्यांतून चार इंच काढले की खालचा खांब एकीकडे आणि वरचा टप दुसरीकडे. दोघांची भेटच होत नाही. मग टप पुढे सरकवायचा. पुढे सरकवला की मागे भगदाड. मग टपच लांब करायचा, म्हणजे तो मधोमध कापून चार तुकडे करायचे आणि मधल्या फटींत भर घालायची. त्या भरीसाठी भंगारातून दुसऱ्या मर्क्युरीचा टप आणायचा. एक टप बुटका करण्यासाठी दोन टप लागतात, हे गणित टपकापेबाईंना पहिल्यांदा समजलं तेव्हा दुसरा टप त्यांच्या गुलाबांच्या वाफ्यात ठेवलेला होता.

दरवाजेही तेवढेच कापावे लागतात, नाहीतर ते टपाच्या वर डोकावतात. काचांचा तर वेगळा अध्याय आहे. सपाट, दोन थरांची काच कापता येते. वक्र काच कापताना जीव मुठीत धरावा लागतो. आणि टफन्ड काच कापायला गेलं की तिचा क्षणात भुगा होतो, तो पुढे दोन वर्षं झाडूत सापडत राहतो. मागची मोठी काच तशीच ठेवायची तर तिला पाठीवर निजवावं लागतं, तिला निजवलं की डिकीच्या वरचा पत्रा आड येतो. दिवाळी अंकाच्या संपादकानं कथेतल्या "फक्त चार ओळी" काढाव्यात आणि पुढच्या पानावर मेलेला काका चहा मागत यावा, तसं हे चालू राहतं. टपकापेंना याचा अजिबात त्रास होत नाही. एका कापानं नवीन तीन काप निघाले की त्यांचा चेहरा उजळतो. खरं सांगायचं तर त्यांना टप खाली यायला नकोच असतो. तो खाली येत असलेला हवा असतो.

सांधे भरायला शिसं लागतं. सत्तर भाग शिसं, तीस भाग कथील. आजकाल सगळे प्लास्टिकची लांबी भरतात, ती स्वस्त आहे आणि सोपी आहे, म्हणून टपकापेंच्या लेखी ती पापात जमा. आधी पत्र्याला कल्हई करायची, मग टॉर्चच्या मंद आचेवर शिशाची कांडी लोण्यासारखी मऊ होऊ द्यायची आणि चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी पट्टीनं ती पसरायची. आच जरा वाढली की शिसं थेट बुटावर. वाळल्यावर—नव्हे, थिजल्यावर, "वाळल्यावर" म्हटलं की ते दुरुस्त करतात—कानशीनंच घासायचं. ग्राइंडर लावला तर विषारी धूळ घरभर होते. म्हणून शिशाच्या दिवशी टपकापे ओवळे असतात. बाई त्यांना आंघोळीशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाहीत, जेवण गॅरेजच्या दाराशी ठेवलं जातं. एरवी टपकापे कुणाचं ऐकत नाहीत, पण याबाबतीत बाईंचा शब्द अखेरचा.

खर्चाचा विषय निघाला की टपकापेंचं उत्तर ठरलेलं आहे, आणि ते उत्तर म्हणजे हिरोहाताची मर्क्युरी. बॉब हिरोहाता या जपानी वंशाच्या तरुणानं आपली 1951 ची मर्क्युरी बॅरिस बंधूंकडे दिली, त्यांनी तिचा टप पुढून चार आणि मागून सात इंच उतरवला आणि हिरव्या दोन छटांत रंगवून 1952 मध्ये हवाली केली. 1959 मध्ये एका पोरानं ती पाचशे डॉलरला घेतली. 2022 मध्ये ती लिलावात एकोणीस लाख डॉलरच्या वर गेली. "गुंतवणूक आहे," टपकापे म्हणतात. मधली साठ वर्षं ते सांगत नाहीत. ती टपकापेबाई सांगतात.

त्यांना राग आणायचा एकच खात्रीचा उपाय: "अरे वा, जेम्स डीनची गाडी!" असं म्हणायचं. 'रिबेल विदाउट अ कॉज' या 1955 च्या चित्रपटात डीनला 1949 ची मर्क्युरी होती हे खरं, पण तिचा टप कारखान्यातून आला तसाच, पूर्ण उंचीचा होता. फक्त बॉनेट आणि डिकीवरची शोभेची चिन्हं काढलेली होती. हे समजावून सांगायला टपकापेंना अर्धा तास लागतो. उलट स्टॅलोनच्या 1986 च्या 'कोब्रा'तली 1950 ची मर्क्युरी टप कापलेली. त्यामुळे तो सिनेमा टपकापेंना फार थोर वाटतो. गोष्ट काय आहे विचारलं तर त्यांना आठवत नाही.

त्यांचे खरे शत्रू म्हणजे ओरिजिनलवाले. हे लोक जुनी गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी करून ठेवतात, इतकी की कारखान्यातल्या तपासनिसानं खालच्या बाजूला खडूनं ओढलेली रेघसुद्धा पुन्हा ओढतात. पोमोनाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात हे दोघे एकाच मर्क्युरीसमोर उभे राहिले की बघण्यासारखं असतं. ओरिजिनलवाला कुजबुजतो, "हिला कुणी हात लावलेला नाही." टपकापे हात चोळत म्हणतात, "तेच तर!" कापलेली गाडी पाहून ओरिजिनलवाला खरोखर मान खाली घालतो. टपकापेंनाही त्याची कीव येते. "बिचारा," ते म्हणतात, "दुसऱ्याच्या चुका जपण्यात आयुष्य गेलं त्याचं."

गाडी चालण्याजोगी असते तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी टोलुका लेकच्या बॉब्ज बिग बॉय या हॉटेलच्या आवारात जाणं होतं. तिथे वर्षानुवर्षं जुन्या गाड्या जमतात. सहा फूट दोन इंचांचे टपकापे आत कसे बसतात? सीटच्या खालचा सांगाडा काढून गादी जवळजवळ जमिनीवर टाकलेली आहे. पाय पुढे पसरायचे, हनुवटी छातीला लावायची आणि टपालपेटीच्या फटीतून पाहावं तसं—माफ करा, उपमा टपकापेंची आहे—बाहेर पाहायचं. काच इतकी ठेंगणी की सिग्नलचा दिवा टपाआड जातो. म्हणून डॅशबोर्डवर एक छोटा प्रिझम बसवलेला असतो, त्यात सिग्नलचा रंग दिसतो. चौकात सगळे वर पाहत असतात, टपकापे खाली पाहत असतात. टपकापेबाई आपल्या साध्या, पूर्ण उंचीच्या गाडीतून मागून येतात. केस विस्कटत नाहीत आणि परत यायची खात्री असते.

परतीच्या खात्रीचं कारण दाराच्या मुठी. मुठीमुळे बाजूची रेघ तुटते म्हणून टपकापेंच्या जमातीत त्या काढून टाकतात आणि तिथे पत्रा भरतात. दार उघडायला लपवलेलं बटण, बटणाला बॅटरी. बॅटरी उतरली की गाडी बंद पेटी होते. अशा वेळेसाठी गाडीखाली एक गुप्त वायर सोडलेली असते, आणि टपकापेंनी ती इतक्या मनापासून गुप्त ठेवली होती की ती त्यांनाही सापडेना. बॉब्जच्या आवारात पाच सहा वयस्कर टपकापे उताणे पडून गाडीखाली शिरले, बाहेर नुसते बूट दिसत होते. आतून वायरीबद्दल कमी आणि सांध्यातल्या शिशाबद्दल जास्त चर्चा ऐकू येत होती. तासाभरानं सगळे बाहेर आले ते अत्यंत प्रसन्न. दार उघडलं नव्हतं.

एकदा मी त्यांना काकांच्या प्रीमियर पद्मिनीचा फोटो दाखवला. कुर्ल्याच्या कारखान्यातली, पुढे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झालेली, 2023 च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणून निवृत्त झालेली तीच पद्मिनी. टपकापेंनी फोटो हातात घेतला, एक डोळा मिटला आणि टपावर अंगठा आडवा धरला. "दोन इंच," ते म्हणाले. "जास्त नको. सुंदर पोर आहे." (असा अंगठा ते शाळेच्या बसवर, पोस्टाच्या गाडीवर आणि एकदा आमच्या घरावरही धरताना मी पाहिलंय.) मी सांगितलं, आमच्याकडे हे चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कारखान्यानं दिलेल्या मूळ रूपात असा बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 च्या जानेवारीत बजावलंय. टपकापे सुन्न झाले.

"मग तुमच्याकडे माणसं शनिवारी करतात काय?"

मी म्हटलं, आमच्याकडे छप्पर खाली घेत नाहीत. पोटमाळा काढतात, गच्चीवर पत्रे चढवतात, गॅलरी आत घेतात. बिल्डरनं दिलं तसं घर कोणी ठेवत नाही. त्यांचा चेहरा हळूहळू फुलला. किती इंच आत घेतात, हे त्यांनी बारकाईनं विचारून घेतलं आणि मुंबईबद्दल त्यांचं मत तेव्हापासून फार चांगलं झालंय.

तर कधी या भागात आलात आणि अर्ध्या उघड्या दारातून ठिणग्या दिसल्या, तर खुशाल आत डोकवा, लोक प्रेमळ आहेत. फक्त "कधी होणार गाडी?" असं विचारू नका. "किती इंच?" एवढंच विचारा, आणि तेही दुपार मोकळी असेल तरच.