ड्रायव्हरला झोपू द्या

परदेशवारीची तयारी आपण किती चोख करतो! व्हिसा, विमा, बॅगांचं वजन, आईच्या गोळ्यांची वेगळी पिशवी. परतीचा शेवटचा टप्पा मात्र एका फोनवर उरकतो. ‘रात्री अडीचला मुंबईत उतरतोय, गाडी पाठवून द्या.’

गाडी जाते. छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतून किंवा गारखेड्यातून निघालेला ड्रायव्हर साडेतीनशे किलोमीटर कापून मुंबईला पोचतो आणि पार्किंगमध्ये सीट मागे पाडून पडतो. डोळा लागतो न लागतो तोच फोन येतो. मग इमिग्रेशन, बॅगा, कस्टम करता करता पहाटेचे चार वाजतात. मंडळी गाडीत बसताच घोरू लागतात. दोन देशांच्या वेळांमध्ये अडकलेल्या त्या शरीरांचा दोष नाही. पण त्याच वेळी ज्याच्या शरीराला झोप सर्वांत जास्त हवी असते, तो एकटा स्टिअरिंगवर असतो. आदल्या दिवशी त्याने शहरातही भाडी मारलेली असतात, हे आपण विचारलेलंच नसतं.

‘आता समृद्धी महामार्ग आहे ना,’ असं लगेच सांगितलं जातं. आहेच. ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि आपली मुंबई जवळ आली. मला त्या रस्त्याचं कौतुक आहे. पण वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही आणि काटा १२०वर, असा सरळसोट रस्ता पेंगणाऱ्या माणसाला जागं ठेवत नाही. २०२३च्या जुलैत सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली, ऑक्टोबरात वैजापूरजवळ १२ गेली. दोन्हींची कारणं वेगळी, तपासही वेगळे; पण दोन्ही वेळा मध्यरात्र नुकतीच उलटली होती. ज्या वेळी रस्त्यावर कमीत कमी असावं, नेमकी तीच वेळ आपण निवडतो.

सरकारलाही सोडायचं कारण नाही. हजच्या काळात आपल्या चिकलठाणा विमानतळावरून थेट सौदीची विमानं उडाली आहेत, परतताना हाजी इथेच उतरले आहेत. म्हणजे इमिग्रेशन आणि कस्टमची टेबलं या विमानतळावर मांडता येतात. वेरूळ-अजिंठ्याच्या शहराला, वाळूज-शेंद्र्याच्या उद्योगांना आखातातून थेट यायला आठवड्यातून एक-दोन विमानं मागायला काय हरकत आहे? आपले लोकप्रतिनिधी हे लावून धरत नाहीत, याचा मला राग आहे.

तोवर निदान एवढं करा. विमान रात्रीचं असेल तर ड्रायव्हरला दुपारीच पोचायला सांगा आणि त्याच्यासाठी खोली घ्या. तिकिटांवर लाखो रुपये घालणाऱ्या घराला एका खोलीचं भाडं जड जाऊ नये. नाहीतर स्वतः सकाळपर्यंत थांबा आणि उजाडल्यावर निघा. गाडीच हवी असंही नाही. रेल्वेनंही येता येतं: दुपारी जनशताब्दी आहे, वंदे भारत आहे, रात्री देवगिरी आहे. घरचे वाट पाहतात, लेकरू आजीला बिलगायला आतुर असतं, सगळं खरं. त्या ड्रायव्हरचंही घर याच शहरात आहे आणि त्याचीही तिथे कुणीतरी वाट पाहत असतं. पुढच्या वेळी गाडी ठरवताना दर विचारण्याआधी विचारा, ‘दादा, काल झोप झाली का?’