सर व्हिटवर्थ, तुमचे पाव इंच कुठे आहे?

सर जोसेफ व्हिटवर्थ, बॅरोनेट, मुक्काम मँचेस्टर यांस वाडी, नागपूर येथून सादर नमस्कार. विनंती विशेष.

आपण 1887 सालीच माँटे कार्लोला निवर्तलात याची मला कल्पना आहे. तरी पत्र आपल्यालाच, कारण हयात असलेल्यांना लिहून झाले आहे. ‘आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे’ असे एका यंत्राने तत्परतेने कळवले, आणि ती इतकी मोलाची ठरली की अजून कुणी तिला हात लावलेला नाही. आपल्याकडून उत्तर येणार नाही हे आधीपासून पक्के आहे. तेवढाच दिलासा.

तक्रार पाव इंचाबद्दल आहे.

संगणक म्हणजे काय, हे आपल्याला समजावण्याची गरज नाही. तरुणपणी आपण लंडनला जोसेफ क्लेमंटच्या कारखान्यात कामाला होता आणि चार्ल्स बॅबेजच्या डिफरन्स इंजिनाचे भाग तिथेच घडत होते. ते इंजिन काही पुरे झाले नाही, पण निदान तापले तरी नाही. आमचे तापते. गेम रंगात आला की प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मिळून चार-पाचशे वॉट उष्णता सहज ओकतात. म्हणून माझ्यासारखे हौशी लोक त्यांच्या डोक्यावर तांब्याचे ब्लॉक बसवतात, त्यांतून पाणी खेळवतात, ते रेडिएटरमध्ये नेऊन पंख्याने निववतात आणि पुन्हा पंपाकडे वळवतात. हे सगळे घरच्या घरी, काचेच्या कॅबिनेटमध्ये, आणि खाली शेगडीसारखा बसलेला विजेचा एसएमपीएस.

आता ही हौस वाडीत करायची. नागपूरचा पारा 23 मे 2013 रोजी 47.9 अंशांवर गेला होता. (30 मे 2024 ला इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवून देशभर खळबळ उडवली, मग हवामान खात्याने उपकरणात बिघाड असल्याचे सांगितले. चुकीच्या मापाशी आमची ओळख जुनी आहे, एवढेच सुचवतो.) रेडिएटर कितीही महाग लावा, त्यातले पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. मे महिन्याच्या दुपारी खोलीच अडतीसवर असेल तर पाणी पन्नाशीला टेकते, आणि त्या पाण्याने प्लॅस्टिकची मऊ नळी आणखी मऊ पडते. हे ध्यानात असू द्यावे.

तर साहेब, ब्लॉक असो, पंप असो, रेडिएटर असो की पाण्याची टाकी, नळी जोडायच्या प्रत्येक भोकाचे माप एकच: ‘जी वन बाय फोर’. पाव इंच. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, हे शाळकरी पोरही सांगेल. मी व्हर्नियर लावला तर आट्याचा बाहेरचा व्यास तेरा मिलिमीटरच्या वर निघाला. कोष्टकात पाहिले तर 13.157. म्हणजे आपले पाव इंच अर्ध्या इंचापेक्षा मोठे! चार आण्याची वस्तू दहा आण्याला विकली तर आमच्याकडे वैधमापनवाले दुकानाला सील ठोकतात. आपल्याला बॅरोनेट केले.

हा जळफळाट शेजारच्या काकांच्या कानावर गेला. काका अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून टर्नर म्हणून निवृत्त झाले. 1966 साली उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याने वाडीला आणि डिफेन्सच्या वसाहतीला बरेच दिले. माझ्या मते त्यातली मोठी देणगी म्हणजे इथे गल्लोगल्ली सापडणारे निवृत्त टर्नर आणि फिटर, ज्यांना आटे नखाने वाचता येतात. काकांनी फिटिंगवरून नख फिरवले, थ्रेड गेजची पाती उलगडून त्यातले एकोणीसचे पाते आट्यात बसवले आणि म्हणाले, “पाव इंच कुठं शोधून राहिला बाबू? पाव इंची बीएसपी हाय हे. इंचाला एकोणीस आटे, पंचावन्नचा कोन. व्हिटवर्थ!” आपले नाव त्यांनी असे घेतले, जसे इथले लोक जुन्या, कडक पण न्यायी फोरमनचे घेतात.

मग त्यांनी उलगडा केला. बीएसपी म्हणजे नळ्यांच्या आट्याचे ब्रिटिश प्रमाण. घरातल्या अर्ध्या इंची नळाचा आटा मोजलास तर तो एकवीस मिलिमीटरचा भरेल, त्यावर कधी बोंबललास का? माप आहे ते जुन्या, जाड लोखंडी नळीच्या आतल्या पोकळीचे. आटे पाडायचे बाहेरून. पुढे नळीच्या भिंती पातळ झाल्या, पोकळी वाढली, आटे मात्र हलले नाहीत, कारण जगभरच्या नळ्या त्यांच्या भरवशावर जोडलेल्या होत्या. मी टेफ्लॉन टेप काढली तेव्हा त्यांनी ती हातातून काढून घेतली. हा आटा समांतर आहे, तो फक्त आवळून धरतो. पाणी अडवते ती मुळाशी बसलेली ओ-रिंग. सफेदा आणि सुतळी नळाला, इथे नाही.

एवढे ऐकूनही आपल्यावरचा राग गेला नव्हता. तो फिटिंग बसवताना गेला. चीनमध्ये बनलेली फिटिंग, युरोपातून आलेला ब्लॉक, तिसऱ्याच देशातला रेडिएटर. या कारखान्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नसेल. तरी प्रत्येक फिटिंग दोन बोटांनी फिरत गेली आणि ओ-रिंगवर अलगद टेकली. एकही अडली नाही, की ढिली राहिली नाही. 1841 साली आपण इंग्लंडभरच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केलेत, त्यांची सरासरी काढलीत आणि सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे एकच पद्धत मांडलीत. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेना. पुढे क्रिमियन युद्धात गनबोटींची इंजिने घाईने हवी होती, तेव्हा त्यांचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांनी बनवले आणि ते एकमेकांत बसले. ते आपल्यामुळे. पाव इंच खोटे असेल, पण सगळीकडे सारखेच खोटे आहे. तेवढ्यावर जग चालते.

आता साहेब, आपण जरा बाजूला खुर्ची घ्या. फिटिंगच्या दुसऱ्या टोकाशी बोलायचे आहे.

अहो फिटिंग बनवणारे, विकणारे आणि पाकिटांवर आकडे छापणारे! आट्याचे टोक एका मेलेल्या माणसाने पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी सरळ करून ठेवले. नळीचे टोक तेवढे तुमच्याकडे होते. तिथे तुम्ही काय केलेत? मऊ नळी 10/13 (म्हणजे आतला व्यास 10 मिलिमीटर, बाहेरचा 13), मऊ नळी 10/16, मऊ नळी 13/19. तीच पुन्हा इंचांत, म्हणजे तीन-अष्टमांश आणि अर्धा, तीन-अष्टमांश आणि पाच-अष्टमांश. त्यातही 10 म्हणजे खरे 9.5, आणि 13 म्हणजे 12.7. मग कडक नळी 12, 14 आणि 16 ची. कडक सोळाची फिटिंग मऊ सोळाला चालत नाही, कारण एक नळीला बाहेरून रबरी कड्यांनी धरते आणि दुसरी आत काटा घालून वरून चुडी आवळते. दोन्हींवर छापलेले काय? 16.

माझ्या पाकिटावर तेवढेही नव्हते. ‘जी वन बाय फोर, तीन-अष्टमांश’, बस. आणि ते अक्षरशः खरे होते, हाच खरा संताप आहे! नळी माझी 10/13 ची, फिटिंगा निघाल्या 10/16 च्या. आतला व्यास दोन्हींचा तोच, त्यामुळे नळी काट्यावर सुरेख चढली. चुडी शेवटपर्यंत आवळली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला खोट दिसायची सोयच नाही. फक्त त्या चुडीला आवळायला तीन मिलिमीटर जाड भिंत हवी होती आणि माझ्या नळीची भिंत होती दीड मिलिमीटर. चुडी हवेला आवळून बसली होती. रात्रभर गळती तपासली, खाली टिश्यू पेपर अंथरून, थेंब नाही. कारण रात्री पाणी थंड असते. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी पन्नाशीला गेले, नळी नरम पडली आणि पंपाच्या तोंडाशी काट्यावरून सुटली.

पंप इमानी निघाला. त्याने टाकीतले सगळे पाणी एसएमपीएसवर रिकामे करूनच दम घेतला. पाणी डिस्टिल्ड होते, ट्रान्सपोर्टच्या भागातल्या ट्रकच्या बॅटऱ्यांच्या दुकानातून आणलेले, म्हणून ग्राफिक कार्ड पुसून वाळवून वाचले. एसएमपीएस गेला. आणि विक्रेता काय म्हणतो? ‘वस्तू वर्णनाबरहुकूम आहे.’ एक आकडा छापायला किती शाई लागते? काचेतून दिसणाऱ्या दिव्यांना दीड कोटीहून जास्त रंग देता येतात, आणि पाकिटावर नळीचा बाहेरचा व्यास देता येत नाही? ओ-रिंग वाईट असती तर मी नशिबाला बोल लावला असता. हे नशीब नाही. ही पैसे घेऊन केलेली लबाडी आहे.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत, ओघात सांगून टाकतो. नव्वद अंशाची फिटिंग सरळ फिटिंगच्या दुपटीने महाग का, हे गूढ नाही, कारण ती न घेता मऊ नळी वळवली की मोडून चपटी होते आणि पाणी अडते. कॅबिनेटच्या जाहिरातीत नळ्या फुटपट्टीने आखल्यासारख्या असतात, पण पाणी काढायचा कॉक कुठे बसवायचा हे त्या चित्रात कधीच नसते. भरायला सगळे सोपे, उपसायला बादली आणि शिव्या. पाणी अगोदर प्रोसेसरकडे न्यायचे की अगोदर ग्राफिक कार्डकडे यावर पोरे तासन्‌तास वाद घालतात; पाणी इतक्या वेगाने फिरते की फार तर अंशा-दोन अंशांचा फरक पडतो. टाकी पंपाच्या वर हवी, पंप कोरडा चालू नये, बाकी नळी जिकडून आखूड पडेल तिकडून न्यावी. हे सांगायला तीन वाक्ये लागतात. कुणी सांगत नाही. आणि खडगाव रोडवर देशभराचा माल उतरवणारी गोदामे असताना माझ्या बदली फिटिंगा अजून कुठल्या गोदामात आहेत, तेही कुणी सांगत नाही.

साहेब, या आता पुढे. आपल्याला उगाच बोललो.

खरे तर आपली स्थिती पाहून वाईट वाटते. आपण असे यंत्र केलेत की ते इंचाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत माप सांगे. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात ते मांडले होते. षट्कोनी नळीची रायफल केलीत. 1860 साली विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने ती झाडली आणि 400 यार्डांवरच्या निशाणाचा मध्य गाठला. तरी सरकारी सैन्याने ती घेतली नाही. काकांना हा किस्सा सांगितला तर ते हसले नाहीत. “चांगला माल रिजेक्ट होतेच,” एवढेच म्हणाले. त्यांनी नोकरीभर मालाची तपासणी पाहिली आहे. पुढे 1948 मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी 60 अंशांचा नवा सामाईक आटा ठरवला, त्यानंतर मेट्रिक आले, आणि आपले बोल्ट एकेका यंत्रातून उतरले. आपला 55 अंशांचा कोन उरला तो मुख्यतः पाण्याच्या नळांत. आणि बॅबेजची ती यंत्रविद्या इतकी वर्षे फिरून पुन्हा पाण्यापाशी आली, तेव्हा तिला आपलाच आटा सापडला.

म्हणून आपल्याविरुद्धची तक्रार मी मागे घेतो. पाव इंच आपल्याकडेच राहू द्या.

वाचकांना मात्र एक निवेदन. माझ्याकडे 10/16 मापाच्या डझनभर नव्या कंप्रेशन फिटिंगा पडून आहेत, निकेलचा मुलामा चढवलेल्या, आटे निर्दोष. कुणाकडे 10/13 च्या असतील तर वाडीत दत्तवाडीला यावे, अदलाबदल करू. पाकिटावर काय छापले आहे ते सांगू नये. व्हर्नियर घेऊन यावे.