लाडखेडले थांबते का?

नागपूरच्या कडबी चौकाजवळ, मोतीबागेत, छोट्या लाइनच्या रेल्वेचं संग्रहालय आहे. यवतमाळचा माणूस तिथं गेला की त्याचं पाहुणेपण पाच मिनिटंही टिकत नाही. लगेच तो कंदिलांना, घंटांना, अडीच फुटी रुळांना ओळख दाखवू लागतो. आमच्या शकुंतला गाडीचे रूळ याच मापाचे. त्यात आमच्या दारव्ह्याच्या स्टेशनाचं नावही दारव्हा मोतीबाग. म्हणजे पत्त्यापासूनच सोयरीक.

यवतमाळ ते मूर्तिजापूर, वाटेत लाडखेड, दारव्हा; 113 किलोमीटर. वऱ्हाडातला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला धाडता यावा म्हणून साहेबाच्या कंपनीनं ही लाइन टाकली. पुढं 1921 साली मँचेस्टरातच घडलेलं इंजिन 1923पासून तिला लागलं. कापूस तिकडं, लोखंड इकडं. साहेब हिशेबाला पक्का. 1951 साली देशातली रेल्वे सरकारजमा झाली, ही लाइन मात्र कंपनीच्या नावावर राहून गेली. इंजिनाला बिचाऱ्याला यातलं कुणी काही सांगितलं नसावं. ते 1994च्या एप्रिलपर्यंत धूर सोडत राहिलं. मग डिझेल आलं, पण गाडीचा स्वभाव काही बदलला नाही.

वेग ताशी वीसेक किलोमीटर. एवढ्या वेगात खिडकीतून नुसती पऱ्हाटी दिसत नाही, बोंडातली अळीसुद्धा दिसते. कुणाचं डवरणं झालं, कुणाच्या वावरात तण माजलं, याची चर्चा डब्यात सुरू व्हायची आणि ते वावर मागं पडायच्या आत निकालही लागायचा. गाडीवरचीच माणसं तिकिटं फाडत, इंजिन सोडत, पुन्हा जोडत. आता ती गाडीही बंद आहे.

संग्रहालयात बरोबर दारव्ह्याकडचे एक काका होते. बाजारात बैल पारखावा तसं त्यांनी एका इंजिनाला चौफेर पाहिलं आणि पाठीवर थाप मारली.

"काका, हात नका लावू. जुनं आहे ते."

"मी का नवा हाय का बाबू? मले तं साऱ्यायनं धक्के मारले आजवर."

पलीकडं पोरांसाठी छोटी गाडी होती. नातवाचं तिकीट काढता काढता काकांनी खिडकीत डोकं घातलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "लाडखेडले थांबते का?"